मादक द्रव्ये, आजचा तरुण आणि आमची ठाकूरवाडी

मादक द्रव्यांचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईतील एखादा पूल, त्याखाली पडलेली हाडकुळी मुले, किंवा सिनेमातील झगमगाटाची पार्टी येते. कर्जत-खालापूरच्या डोंगरपायथ्याशी राहणाऱ्या आपल्यासारख्यांचा त्याच्याशी काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. मलाही तसेच वाटत असे. आमच्या ठाकूरवाडीत दारू होती, तंबाखू होती, म्हाताऱ्यांची चिलीम होती. पण 'ड्रग्ज' हा शब्द वर्तमानपत्रातला, शहरातला, श्रीमंतांचा होता. तो आमच्या घरात शिरला तेव्हा आम्हांला त्याचे नावसुद्धा नीट उच्चारता येत नव्हते. म्हणूनच या अंकासाठी लेख मागितला गेला तेव्हा मी हाच विषय घेतला.

प्रथम दोन घटना सांगतो. दोन्ही आपल्या खालापूर तालुक्यातील आहेत. २०११ सालच्या जून महिन्यात तालुक्यातील एका रिसॉर्टवर रात्री चाललेल्या पार्टीवर रायगड पोलिसांनी छापा घातला. सुमारे तीनशे तरुण-तरुणी ताब्यात घेतले गेले. बहुतेक मुंबई-पुण्याकडचे, सुशिक्षित, चांगल्या घरचे. त्या वेळी आमच्याकडची माणसे म्हणाली, "शहरातली घाण आहे, पाऊस संपला की जाईल." दुसरी घटना २०२३ च्या डिसेंबरमधील. खोपोलीजवळच्या ढेकू गावात पोलिसांनी एका कारखान्यावर छापा घातला, तेव्हा तेथे मेफेड्रोन नावाचे मादक द्रव्य तयार होत असल्याचे उघड झाले. जप्त केलेल्या मालाची किंमत शंभर कोटी रुपयांहून अधिक सांगितली गेली. पहिल्या घटनेत माल बाहेरून आमच्याकडे आला होता. दुसरीत तो आमच्याकडे तयार होऊन बाहेर चालला होता. बारा वर्षांत झालेला हा बदल लक्षात घेण्यासारखा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. व्यसन म्हणजे काय? संस्कृतात 'व्यसन' या शब्दाचा अर्थ संकट, आपत्ती असाही आहे आणि वाईट खोड असाही. एकाच शब्दात खोड आणि आपत्ती दोन्ही बसवणाऱ्या पूर्वजांना माणसाची बरीच पारख असावी. मात्र 'खोड' म्हटले की आपण तिला स्वभावाचा दोष मानतो, आणि तेथेच चूक होते. आजचे वैद्यकशास्त्र व्यसनाधीनतेला आजार मानते. आपल्या मेंदूत सुखाची नोंद ठेवणारी एक यंत्रणा आहे. भूक लागल्यावर भाकरी मिळाली, थंडीत ऊब मिळाली, कोणी पाठीवर थाप मारली, की तेथे डोपामीन नावाचे द्रव्य पाझरते आणि 'हे पुन्हा कर' असा संदेश मिळतो. मनुष्यप्राणी टिकून राहावा यासाठीच ही सोय आहे. मादक द्रव्य या यंत्रणेत मागच्या दाराने शिरते. भाकरीने जेवढे डोपामीन पाझरते त्याच्या कितीतरी पट ते एका क्षणात पाझरवते. मेंदू मग स्वतःचे रक्षण करण्यासाठी ती यंत्रणाच बधिर करून टाकतो. परिणाम असा की कालच्या मात्रेने आज तेवढी धुंदी येत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे भाकरी, ऊब, आईची हाक यांनी कसलेच सुख होत नाही. पहिले काही दिवस माणूस मजेसाठी घेतो. पुढे तो केवळ बरे वाटावे म्हणून, किंबहुना वाईट वाटू नये म्हणून घेऊ लागतो. अशा माणसाला "मन घट्ट कर" असा उपदेश करणे म्हणजे पाय मोडलेल्याला चालून दाखव म्हणण्यासारखेच आहे.

तरुण वयातच हा धोका अधिक का, याचेही उत्तर शरीरातच आहे. पुढचा-मागचा विचार करून मनाला आवर घालणारा मेंदूचा कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पुरता पक्व होत नाही. धाडसाची ओढ मात्र पंधराव्या वर्षीच जोरात असते. गाडीला वेग आला आहे आणि ब्रेक अजून बसवायचे आहेत, अशी ती अवस्था. त्या वयात मित्राने पुढे केलेला हात नाकारणे किती अवघड असते हे आपण सर्वच जाणतो. प्राध्यापक मंडळीही ते विसरली नसतील अशी आशा आहे.

द्रव्यांचे प्रकार अनेक आहेत. त्यांची यादी देत बसत नाही. एवढेच सांगतो की काही द्रव्ये मज्जासंस्थेला गुंगी आणतात आणि काही तिला चेतवतात. अफू व तिच्यापासून होणारे मॉर्फीन, हेरॉइन ही पहिल्या जातीची. कोकेन, मेफेड्रोन दुसऱ्या जातीची. दारूचे मोठे फसवे आहे. ती घेणाऱ्याला चेव आल्यासारखे वाटते. वास्तविक ती गुंगी आणणारीच आहे, फक्त सर्वांत आधी लाज आणि भीती यांना झोपवते.

दारूचा उल्लेख आला आहे तर आमच्या भागाचा थोडा इतिहास सांगितला पाहिजे. आदिवासी म्हणजे दारुडा, हे समीकरण मी शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहे. ठाकर-कातकऱ्यांच्या घरी लग्नकार्यात, मयतीत, देवाच्या पुढ्यात मोहाची दारू लागत असे, हे खरे आहे. परंतु मोहाचे झाड म्हणजे केवळ दारू नव्हे. त्याची फुले वाळवून, शिजवून खाल्ली जात; पावसाळ्यातल्या टंचाईत तोच आधार असे. बियांचे तेल निघे. फुलांचा हंगाम वर्षातून एकदाच, दारूही घरापुरती आणि प्रसंगापुरतीच. मग इंग्रज सरकारने १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा केला. गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू गाळण्याचा आणि विकण्याचा अधिकार मक्तेदारांच्या हाती दिला, ताडीच्या झाडांवर कर बसवला. तरी लोक घरी गाळतातच असे पाहून १८९२ साली खास ठाणे व कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा कायदा आला आणि फुले जवळ बाळगण्यावरच निर्बंध आले. आपला आजचा रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा. १९८१ साली त्याचे नाव बदलले. म्हणजे ज्या फुलांवर गरीब माणूस टंचाईचे दिवस काढी, ती वेचणे गुन्हा ठरले आणि मक्तेदाराच्या गुत्त्यावर रोख पैसे देऊन पिणे मात्र कायदेशीर झाले. जो पदार्थ सणाचा होता तो बाजाराचा झाला, आणि बाजार रोज भरतो. मजुरीच्या बदल्यात दारू, उधारीवर दारू, उधारीपोटी जमीन, अशी ही साखळी ठाणे-कुलाब्यापासून पार सुरतेपर्यंत पसरली. आमच्या आजोबांच्या पिढीला लागलेली ओढ काही त्यांच्या रक्तातून आलेली नव्हती. तिच्यातून सरकारी तिजोरी भरत होती.

या काळात डोळस माणसे गप्प होती असे नाही. जोतीराव फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० साली शहरात दारूची दुकाने वाढवण्यास त्यांनी लेखी विरोध केला होता. आणि आदिवासीही गप्प नव्हते. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्याकडील मांगेला कोळ्यांमध्ये सुरू झालेला एक देवीचा विधी गावोगाव सरकत दक्षिण गुजरातेतील आदिवासी भागांत गेला. अंगात आलेली माणसे देवीची आज्ञा सांगत, 'दारू सोडा, ताडी सोडा, रोज आंघोळ करा.' हजारो कुटुंबांनी ती पाळली आणि दारूच्या मक्तेदारांकडे कामाला जाणे बंद केले. शाळेच्या पुस्तकात हे आम्हांला कोणी शिकवले नाही. दारू सोडवायला बाहेरून साहेब यावा लागतो असे ज्यांना वाटते त्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा झाला, १९५० पासून पूर्ण बंदी आली आणि पुढे ती सैल होत गेली. कायदा आजही जिवंत आहे. महाराष्ट्रात पिण्यासाठी परवाना लागतो, आणि कडक दारूला पंचवीस वर्षांची वयोमर्यादा आहे, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? दुसऱ्या बाजूला राज्याला अबकारी खात्याकडून अलीकडे वर्षाला वीस हजार कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न मिळते. एका हाताने फलक लावायचा आणि दुसऱ्या हाताने गल्ला मोजायचा, ही रीत १८७८ पासून फारशी बदललेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आज वाडीत मोहाची दारू क्वचितच दिसते. तिची जागा काळा गूळ आणि नवसागर घालून गाळलेल्या हातभट्टीने घेतली आहे. तिच्यात मिथिल अल्कोहोल मिसळले गेले तर काय होते हे मुंबईच्या मालवणीत जून २०१५ मध्ये दिसले. शंभराहून अधिक माणसे काही दिवसांत गेली. मिथिल अल्कोहोल हे कारखान्यात वापरायचे द्रव्य आहे. शरीरात गेल्यावर यकृत त्याचे फॉर्मिक आम्लात रूपांतर करते आणि ते आम्ल डोळ्याच्या नसेवर घाला घालते. पिणारा प्रथम म्हणतो, धुके दिसते आहे. या वेळी दवाखाना गाठला तर उपाय आहे. 'उतरेल सकाळपर्यंत' म्हणून निजवले तर बहुधा नाही. हे वाक्य वाचणाऱ्यांपैकी एकाला तरी कधी उपयोगी पडेल म्हणून मुद्दाम लिहिले आहे.

दारूने घर कसे मोडते हे वीटभट्टीच्या हंगामात पाहावे. दिवाळीनंतर मुकादम येतो, आगाऊ उचल देतो. त्यातले काही गुत्त्यावर जाते, काही जुन्या देण्यात. मग सारे कुटुंब मुलाबाळांसह भट्टीवर जाते ते पावसाच्या तोंडावर परतते, आणि हिशेबात उचल फिटलेली नसतेच. मूल पाचवीतून उठते ते कायमचे. माझ्याबरोबर पहिलीत असलेल्यांपैकी किती जण आज पदवीच्या वर्गात आहेत हे मोजायला एका हाताची बोटेही जास्त होतात. सगळा दोष दारूचा आहे असे मी म्हणणार नाही; दारिद्र्याचा आहे, उचलीच्या पद्धतीचा आहे. पण दारू त्या खड्ड्याचा तळ काढून टाकते.

आता शहराकडे पाहू. अफूचे आणि मुंबईचे नाते जुने आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे आणि त्या व्यापारावर या शहरातील अनेक मोठ्या पेढ्या उभ्या राहिल्या. ती अफू चीनने घ्यावी म्हणून इंग्रजांनी १८३९ मध्ये आणि पुन्हा १८५६ मध्ये युद्धे केली. पुढे गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलाला अफूची गोळी देऊन घरी निजवीत, कारण मुलाला सांभाळायला कोणी नसे. हेरॉइनचे जन्मकूळ तर थेट औषधाच्या कारखान्यातील आहे. १८७४ साली लंडनमध्ये ते प्रथम तयार झाले आणि १८९८ पासून एका जर्मन कंपनीने ते खोकल्याचे औषध म्हणून विकले.

१९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली आणि त्याच वर्षअखेर रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. तिकडच्या अफूच्या जुन्या वाटा बंद झाल्या, नव्या उघडल्या आणि त्यांतील एक मुंबईला आली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला येथे अशुद्ध, तपकिरी हेरॉइन स्वस्तात मिळू लागले. त्याला कोणी 'ब्राऊन शुगर' म्हणे, कोणी 'गर्द'. चांदीच्या कागदावर पूड ठेवायची, खालून काडी पेटवायची आणि धूर ओढायचा. सुई नाही, वास नाही, पानाच्या गादीवर पुडी. महाविद्यालयांतील मुले, टॅक्सीवाले, गिरणीकामगारांची पोरे, सगळेच त्यात सापडले. ते मिळाले नाही की अंग मोडून येते, नाका-डोळ्यांतून पाणी, जुलाब, हाडांत कळा. या अवस्थेला गर्दुल्ल्यांच्या भाषेत 'टर्की' म्हणतात. टर्की टाळण्यासाठी मुलगा आईच्या गळ्यातील मंगळसूत्र चोरतो. ते पाहून लोक म्हणतात, संस्कार नाहीत. संस्कार होते, पण त्या कळेपुढे ते टिकले नाहीत.

अनिल अवचट यांनी या मुलांमध्ये फिरून, त्यांच्याशी बोलून लिहिलेले 'गर्द' हे पुस्तक आपल्या ग्रंथालयात असेल तर अवश्य वाचावे. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट या मनोविकारतज्ज्ञ. त्या दोघांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. त्यासाठी पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी मोठी देणगी दिली. हसवणारे पु. ल. आपण सर्वांनी वाचले आहेत, हे पु. ल.ही माहीत असावेत. मुक्तांगणाची मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे तेथे व्यसनी माणसाला गुन्हेगार मानत नाहीत. उपचार घेऊन बरे झालेले अनेक जण तेथेच कार्यकर्ते होतात. जो त्या विहिरीतून वर आला आहे त्यालाच दोर कोठे बांधावा हे कळते. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'चे तत्त्वही हेच. कोणी व्याख्यान देत नाही. एक दारुडा दुसऱ्याला आपली गोष्ट सांगतो आणि फक्त आजचा दिवस न पिण्याचे ठरवतो.

परंतु गर्दच्या काळातील आपली समजूत आज अपुरी पडते, कारण आजचे द्रव्य निराळे आहे. मेफेड्रोन, ज्याला मुले 'एमडी' किंवा 'म्याऊ म्याऊ' म्हणतात, त्याला ना अफूचे शेत लागते, ना अफगाणिस्तान. रसायने, एक भांडे, थोडे ज्ञान आणि बंद पडलेला कारखाना एवढे पुरते. टाटांचे वीजकेंद्र १९१५ मध्ये खोपोलीत सुरू झाले तेव्हापासून हा पट्टा औद्योगिक झाला. त्याच पट्ट्यात, मुंबई-पुण्याच्या मधोमध, द्रुतगती मार्गाच्या कडेला, रसायनांच्या वासाचे कोणाला नवल वाटत नाही. भारतात २०१५ च्या फेब्रुवारीपर्यंत मेफेड्रोन मादक द्रव्यांच्या कायद्यात नव्हतेच. त्या महिन्यात ते समाविष्ट झाले. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातून शेकडो किलो मेफेड्रोन पकडले. म्हणजे ढेकूची घटना एकटी नाही.

हे द्रव्य चेतवणारे आहे. घेणाऱ्याला झोप येत नाही, भूक लागत नाही, बोलणे थांबत नाही, आपण काहीही करू शकतो असे वाटते. काही तासांत ते उतरते आणि मग माणूस विहिरीत पडावा तसा खिन्न होतो. म्हणून पुन्हा घेतो. चार-चार रात्री जागरण झाले की संशय येऊ लागतो, नसलेले आवाज ऐकू येतात. हृदयावर ताण पडतो, वजन उतरते. दारू पिणारा झोकांड्या खातो, त्याच्या तोंडाला वास येतो, घरच्यांना कळते. एमडी घेणारा उलट सुरुवातीला हुशार, चपळ, कामसू दिसतो. आमच्या घरी नेमके हेच घडले.

माझा चुलतभाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. बारावी झाल्यावर तो नदीकाठच्या एका फार्महाऊसवर कामाला लागला. पाहुण्यांची ताटे उचलणे, तलाव साफ करणे, रात्री दोन वाजता सोडा आणून देणे. शनिवार-रविवार झोप अशी नाहीच. पाहुण्यांपैकीच कोणीतरी त्याला एकदा पुडी दिली, म्हणे, "हे घे, जागा राहशील." जागा राहिला. मालक खूश, पाहुणे खूश, बक्षिशी वाढली. काकी सगळ्यांना सांगायची, "माझा दादू लय कामाचा झालाय, दोन-दोन रात्री निजत नाय." चार महिन्यांनी तो अर्धा राहिला. मग त्याने मोबाईल विकला, काकाच्या दोन शेळ्या विकल्या, आणि एका रात्री 'पोलीस झाडावर बसलेत' म्हणून हातात कोयता घेऊन अंगणात उभा राहिला.

आम्ही काय केले? प्रथम भगताकडे नेले. हे लिहिताना मला संकोच वाटतो, कारण मी तेव्हा मानसशास्त्राचा पेपर दिलेला मुलगा होतो आणि तरीही मागून कोंबडा धरून गेलो. भगताने नारळ फोडला, रात्रभर बसला. पण सकाळी त्यानेच काकाला बाजूला घेऊन सांगितले, "हे माझ्याकडचं नाय रे बाबा. याच्या अंगात देव नाय, काहीतरी औषध आहे. डॉक्टरकडे ने." आमच्या सर्व प्रवासात योग्य निदान करणारा तो पहिला माणूस होता. त्याआधी आम्ही एका दवाखान्यात गेलो होतो. तेथे "दारू सोडायला सांगा" असे म्हणून शक्तीच्या गोळ्या दिल्या होत्या.

पोलिसांची भीती ही दुसरी अडचण. काकाला वाटे, केंद्रात नाव घातले की पोरगा तुरुंगात जाईल. येथे कायद्याबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण याच भीतीने अनेक घरे रोग लपवतात. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा कडक आहे यात शंका नाही. मेफेड्रोन दोन ग्रॅमपर्यंत असेल तर ते अल्प प्रमाण, पन्नास ग्रॅमपासून पुढे व्यापारी प्रमाण, आणि त्याला किमान दहा वर्षांची शिक्षा. मित्राची पिशवी 'जरा पोचव' म्हणून नेणाऱ्या मुलाला हे आकडे माहीत नसतात. नुसते सेवन करणे हाही गुन्हाच आहे. परंतु त्याच कायद्यातील ६४-अ कलम सांगते की जो व्यसनी आपणहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतो आणि ते पूर्ण करतो, त्याच्यावर सेवनाबद्दल किंवा अल्प प्रमाणाबद्दल खटला चालत नाही. दार उघडे आहे, पण त्यावर पाटी लावायचे कोणी मनावर घेतलेले नाही. केंद्र सरकारची १४४४६ ही विनाशुल्क दूरध्वनी सेवा आहे. तेथे व्यसनमुक्तीची माहिती मिळते. हा क्रमांक सूचनाफलकावर लावता येईल का, असे मी आमच्या प्राचार्यांना विचारणार आहे.

आणखी एक गैरसमज. व्यसनी माणसाला खोलीत कोंडून 'एकदम बंद' करण्याची पद्धत गावोगाव आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू अशी अचानक तोडली तर त्याला फिट्स येऊ शकतात, भ्रम होतो आणि प्रसंगी प्राणही जातो. त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे देऊनच थांबवावे लागते. गर्दसारख्या अफूच्या व्यसनाला पर्यायी औषध आहे. एमडीला तसे औषध नाही. तेथे झोप, अन्न, समुपदेशन आणि भरपूर वेळ हाच उपचार, आणि भ्रम असेल तर त्यावरची औषधे.

या साऱ्याचा पसारा केवढा आहे? केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यात देशातील दहा ते पंचाहत्तर वर्षे वयाची सुमारे सोळा कोटी माणसे दारू पितात आणि त्यांपैकी पावणेसहा कोटींच्या आसपास माणसांना तिचा त्रास आहे, असे दिसले. पण मला सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा लहान आहे. हुंगायची द्रव्ये, म्हणजे पंक्चर काढायचे सोल्युशन, व्हाइटनर, हे एकच असे आढळले की ज्याचे प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त. दहा ते सतरा वयात शेकडा १.१७, मोठ्यांत ०.५८. स्टेशनवर रुमाल नाकाशी धरून बसलेले पोर आपण रोज लोकलमधून पाहतो आणि सर्दी झाली असेल असे समजून पुढे जातो.

आमच्या वाडीतील बायकांनी दारूविरुद्ध दोनदा मोर्चा काढला. २००८ पासून महाराष्ट्रात असा नियम आहे की गावातील किंवा वॉर्डातील निम्म्याहून अधिक महिलांनी मत दिले तर परवान्याचे दारूदुकान बंद करता येते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हे असतात. बंदी हवी असेल तर बाटली आडवी करायची. ही फार सुंदर कल्पना आहे. पण आमच्या वाडीत परवान्याचे दुकानच नाही. जे विनापरवाना आहे त्याला आडवे कसे करणार? बायकांनी पिंप फोडले, आठवडाभर वास येत राहिला, आणि मग भट्टी ओढ्याच्या पलीकडे गेली. डॉ. अभय व राणी बंग यांच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तेथील अनुभव असा की नुसत्या कायद्याने भागत नाही, गावाने रोज डोळे उघडे ठेवावे लागतात. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठली. बंदीवर माझा पूर्ण विश्वास नाही आणि पूर्ण अविश्वासही नाही. ओढ्याच्या पलीकडे गेलेल्या भट्टीपर्यंत जायला निदान पंधरा मिनिटे लागतात, आणि पंधरा मिनिटांत एखाद्याचा विचार बदलतो, असे माझी आई म्हणते.

महाविद्यालयाबद्दल एक गोष्ट लिहून ठेवतो. २६ जूनला दरवर्षी आपल्याकडे अमली पदार्थविरोधी दिन साजरा होतो. प्रतिज्ञा होते, घोषवाक्यांची स्पर्धा होते. मलाही एकदा दुसरे बक्षीस मिळाले. त्या वर्षी माझा भाऊ फार्महाऊसवर होता. 'ड्रग्ज म्हणजे मृत्यू' या वाक्याने त्याचे काहीच झाले नसते, कारण त्याला ते घेतल्यावर मृत्यू दिसत नव्हता, बक्षिशी दिसत होती. त्या ऐवजी जर कोणी सांगितले असते की आपल्या भागात हॉटेल-फार्महाऊसवर रात्रपाळी करणाऱ्या मुलांना असे असे देतात, ते असे दिसते, आणि घेतलेच असेल तर अमुक ठिकाणी जा, कोणी पकडणार नाही, तर मी घरी जाऊन काकीला सांगितले असते. सुट्टीत आपल्यातले अनेक जण अशा ठिकाणी कामाला जातात. त्यांनी कामावर जाण्याआधी एक तास या विषयावर बोलणे व्हावे, ही माझी विद्यार्थी मंडळाला विनंती आहे.

दादा एका केंद्रात राहून आला. तीन महिन्यांनी पुन्हा घसरला. तेव्हा काका म्हणाला, "संपला माझा पोरगा." पण केंद्रातल्या ताईंनी फोनवर सांगितले की घसरणे हा या आजाराचाच भाग आहे, दम्याच्या माणसाला पुन्हा धाप लागते तसा, घेऊन या. पुन्हा नेला. आता तो फार्महाऊसवर जात नाही. सकाळी कर्जतच्या बाजारात काकीबरोबर भाजीच्या पाट्या उतरवतो, दुपारी घरी निजतो. पैसे पूर्वीपेक्षा कितीतरी कमी मिळतात आणि त्यावरून घरात कधी कधी कुरकुर होते. या पावसाळ्यात त्याला आठ महिने पूर्ण झाले. रात्री तो घोरतो. काकी अजूनही मध्यरात्री एकदा उठते, त्याच्या उशाशी जाऊन उभी राहते, घोरणे ऐकते आणि परत येऊन पडते.